न पटणाऱ्या जागा

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत असेल असं वाटत नाही. आपल्या घरातही ते फक्त आईच्या तोंडी उरलंय, तेही माझ्या हातून दूध उतू गेलं किंवा दाराची बेल दोनदा वाजली की. ‘भिंगरी असती तर धावत गेली असती,’ म्हणते. तू होतीस तेव्हा याच भिंगरीला ‘एका जागी बूड टेकत नाही’ म्हणून उठता-बसता बोलणी खावी लागायची, ते ती सोयीस्कर विसरली आहे. आईला उजव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही आणि डाव्याने तिला हवं तेवढंच ऐकू येतं. बाकी तब्येत ठणठणीत. हे आधीच लिहून टाकलं, कारण इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिली शंका तीच आली असणार. आई आहे. गेले ते खुडबुडेकाका.

आपला स्टुडिओ जळाला, भिंगरी. मागच्या हिवाळ्यात, संध्याकाळचे दिवे लागायच्या आत. रेकॉर्डिंग संपून सगळे पांगले होते आणि खुडबुडेकाका नेहमीसारखे त्यांच्या आवाजांच्या खोलीत जरा आडवे झाले होते. ती खोली तुला आठवत असेलच. खडीने भरलेले ट्रे, कुणाच्याच मापाचे नसलेले बूट, आणि मधोमध नुसतंच चौकटीत बसवलेलं एक दार, उघडण्या-मिटण्याच्या आवाजापुरतं. आपल्या रेडिओवरच्या मालिकेतल्या सगळ्या माणसांची पावलं इतकी वर्षं त्या एकट्या माणसाने टाकली, बायकांचीसुद्धा. ते धुराने गेले, भाजले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. आग दाराजवळच्या गालिच्याला मुद्दाम लावली गेली, असं तपासात निघालं. आणि ती लावली म्हणून माझा नवरा तुरुंगात आहे. जन्मठेप झाली आहे त्याला. अपील केलंय, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, आणि तोवर काही नवीन पुढे आलं नाही तर तो या घरात परत येणार नाही.

नवरा म्हणजे तुझे भाऊजी, पण तू त्याला भाऊजी कधी म्हटलंच नाहीस. ‘शंकासुर’ म्हणायचीस, आणि तोही त्याच हाकेला ओ द्यायचा. तो शंकासुर तुझीच करणी. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू गोष्ट बांधायचीस, मी संवाद लिहायची आणि तो ते माइकसमोर बोलायचा. काय काय म्हणून घडवलंस तू त्या मालिकेत! बुडालेला भाऊ पोहत परत आला, तोही पाठच्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी. जुळ्या बहिणी एकाच बसमध्ये समोरासमोर आल्या. मृत्युपत्र रद्दीत गेलं, त्या रद्दीची पुडी झाली आणि ती पुडी नेमकी वारसाच्याच घरी आली. मला ते लिहिताना लाज वाटायची. तेव्हा तू तो कोपऱ्यावरचा घड्याळजी आणलास, हाच शंकासुर. त्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. दुकानात बसून गिऱ्हाइकाला गावभरच्या गोष्टी सांगायच्या आणि नेमक्या जागी मान हलवून म्हणायचं, ‘मला विचाराल तर, हे काही पटत नाही बुवा.’ तू म्हणायचीस, ऐकणाऱ्याच्या मनात शंका यायच्या आत ती आपणच बोलून टाकायची. मग त्याला वाटतं, यांनाही कळतंय की, आणि तो आपल्याला माफ करून पुढे ऐकतो.

कागदाच्या कडेला तू पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ काढायचीस. न पटणारी जागा. वर्तुळ दिसलं की मी तिथे शंकासुराचं वाक्य घालायचं, हा आपला नियम. वाक्य किती वेळा घातलं याची गणतीच नाही, पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे की ज्या जागी गोष्ट भक्कम होती तिथे आपण ते कधीच घातलं नाही. लोकांना ते तोंडपाठ झालं. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली भाव सांगून स्वतःच म्हणायची, पटत नाही ना बुवा? नवरा माझा फुशारून जायचा. आणि मग एक दिवस तू टेबलावर पेन्सिल ठेवून म्हणालीस, हा शंकासुर बंद करा, आपण दर आठवड्याला लोकांच्या पाया पडतोय. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे. त्याने तुझी नक्कल केली. एवढंच. एवढ्यावरून कुणी घर सोडून जातं का? पण तू गेलीस. तेव्हा आम्ही ते कामाचं भांडण समजलो, आणि आई म्हणाली, राग शांत झाला की येईल.

आता त्या दिवसाचं सांगते. मालकांनी सकाळी सगळ्यांना बोलावून मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमचा माणूस उखडला. सगळ्यांदेखत म्हणाला, आग लागो तुमच्या या स्टुडिओला. तू त्याला ओळखतेस, त्याचा राग म्हणजे दुधावरचा फेस. पण बारा माणसांनी ते ऐकलं आणि बाराही जणांनी कोर्टात जसंच्या तसं सांगितलं. स्टुडिओच्या दोन किल्ल्या. एक मालकांच्या खिशात, दुसरी याच्याकडे. आगीनंतर दुसरी किल्ली बाहेरून कुलपात लावलेली सापडली. हा म्हणतो, ती त्याच सकाळी हरवली होती. याच्या उजव्या हाताला भाजल्याचे फोड होते. हा म्हणतो, चहा सांडला. कुठे? बस स्थानकावर. दिवसाचं रेकॉर्डिंग संपल्यावर स्टुडिओतून निघून डोकं शांत करायला तो चालत तिथवर गेला, टपरीवर चहा घेतला, मान वर केली, तर समोरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन तू बसलेली. दुसऱ्या गावाहून येऊन तिसऱ्या गावाला जाणारी, मधे फक्त बस बदलायला उतरलेली. तो दचकून उठला, चहा हातावर सांडला. तुम्ही बाकावर बसून बोललात. मग तुझी बस लागली आणि तू गेलीस, आणि त्याच वेळात इकडे स्टुडिओ पेटला होता. टपरीवाल्याला काही आठवत नाही. स्थानकातला कॅमेरा दुरुस्तीला गेला होता.

हे सगळं त्याने कोर्टात सांगितलं, आणि कसं सांगितलं ते ऐक. किल्लीशी आला आणि म्हणाला, मला कळतंय, हे पटण्यासारखं नाही. हाताशी आला आणि म्हणाला, आता हेही तुम्हाला पटणार नाही. तुझ्यापाशी आला तेव्हा न्यायाधीशांकडे बघून, मान तश्शी हलवून म्हणाला, खरं सांगू का साहेब, मी तुमच्या जागी असतो तर मलाही हे पटलं नसतं बुवा. बाकांवरचे लोक हसले. आणि हा थांबला, भिंगरी. हशा ओसरेपर्यंत थांबला, जसा प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग असलं की थांबायचा, आणि मग पुढचं वाक्य घेतलं. मी मागच्या बाकावर होते.  बेरीज-वजाबाकी काही करावी लागली नाही, त्याचं काय होणार ते मला तिथेच कळलं.

सरकारी वकील फार बोललेच नाहीत. एवढंच म्हणाले, की या गृहस्थांचा पेशाच हा आहे. गोष्ट जिथे पोकळ असेल तिथे हे आपणहून सांगतात, की पोकळ आहे. यांच्या मालिकेचा एकेक भाग आम्ही ऐकला आहे. आज यांनी ते वाक्य कुठे कुठे म्हटलं तेवढंच बघा. चोराच्या मनात चांदणं. आमच्या वकीलबाई उठून म्हणाल्या की ही त्यांची नुसती सवय आहे, खरं बोलतानाही माणसाची सवय सुटत नाही. बरोबरच होतं ते. पण ते ऐकून कुणी हसलं नाही आणि कुणी मानही हलवली नाही. तुझ्याबद्दल विचारलं, मेहुणी राहते कुठे? तो म्हणाला, माहीत नाही, तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोलिसांनी तुझा जुना पत्ता शोधला, तिथून तू केव्हाच गेली होतीस.

एका माणसाला मात्र हे सगळं झटक्यात पटलं. आईला. मी घरी येऊन तिच्या डाव्या कानात ओरडून सगळं सांगितलं, तर खुडबुडेकाकांसाठी डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, म्हणजे भिंगरी त्याला भेटली? कशी होती? बारीक झाली होती का? पुढच्या भेटीत मला हे त्याला विचारावं लागलं. तो तिकडे जन्मठेपेच्या दारात उभा आणि मी विचारतेय, भिंगरी बारीक झाली होती का. तो म्हणाला, सांग आईंना, बारीक नाही, पण केस कापलेत आणि आता चष्मा लागलाय, वाचायचा नाही, कायमचा. आई त्यानंतर कितीतरी दिवस खुशीत होती. शेजारणीला सांगत होती, धाकटीला चष्मा लागलाय. मला तिचा इतका राग आला, आणि इतका हेवाही वाटला, की मी मोरी धुवायला घेतली.

भेटीच्या खोलीत मधे जाड काच असते. दोन्ही बाजूंना टेलिफोनचा रिसीव्हर. आयुष्यभर त्याचा आवाज लोकांनी यंत्रातून ऐकला, आता मीही तसाच ऐकते. तो आवाज आता राहिलेला नाही. सुरुवातीला आतले लोक त्याला ते वाक्य म्हणून दाखवायला लावायचे आणि हा म्हणायचा, हसवायचा, त्यावर त्याला चार बिड्या मिळायच्या. आता कुणी म्हणायला लावलं तर भिंतीकडे तोंड करतो. खालचे दोन दात पडलेत. कॉलर इतकी सैल झालीय की आत दुसरा माणूस मावेल. दर भेटीत तो मला तीच हकीकत सांगतो, मी न विचारता, आणि दर वेळी त्याच तीन जागांवर म्हणतो, मला कळतंय, पटण्यासारखं नाही. बायकोशी बोलतानासुद्धा. मी ते वाक्य जन्मभर लिहिलंय. कुठे घालायचं आणि का घालायचं हे माझ्याहून जास्त फक्त तुला ठाऊक आहे. ते कानावर पडलं की माझा हात आपोआप कागदाच्या कडेला वर्तुळ शोधतो.

म्हणून एका भेटीत मी म्हटलं, अरे, आज मला सगळं पहिल्यापासून सांग, पण ते वाक्य गाळून. आधी तो हसला. म्हणाला, अगं, एवढंच ना? आणि सुरू झाला. स्टुडिओतून निघालो, चालत गेलो, टपरीवर चहा घेतला, मान वर केली आणि समोरच्या बाकावर... इथे अडला. पुन्हा मागून सुरू केलं. पुन्हा तिथेच. तोंड उघडायचा, मिटायचा, घाम आला त्याला. मी काचेवर हात टेकून म्हणत होते, म्हण ना, समोर भिंगरी होती, एवढंच म्हण. ते त्याला म्हणता आलं नाही. वेळ संपली. मी बसमधून घरी येताना विचार करत राहिले, की माणूस खरं सांगताना अडखळतो की खोटं सांगताना? हजारो पानं संवाद लिहिले आणि मला याचं उत्तर येत नाही.

तर आता लिहूनच टाकते. मला पटत नाही, भिंगरी. तो म्हणतो तसं घडलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मी रोज सकाळी उठून बसवायला बघते आणि दुपारपर्यंत तो उठून जातो. माझा नवरा मुंगी मारत नाही, हे मला माहीत आहे. खुडबुडेकाकांना तो घरचा डबा नेऊन द्यायचा, हेही माहीत आहे. आणि ज्या दिवशी त्याला तू हवीस त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच बाकावर तू बसतेस, हे मी मालिकेतसुद्धा वर्तुळाशिवाय सोडलं नसतं. बायकोचंच मन असं, तर परक्या न्यायाधीशाला काय बोल लावायचा? मी कुणाशी हे बोललेले नाही. आईला तर नाहीच. म्हणून त्याच्यासमोर काचेपाशी बसते तेव्हाही मी चेहरा नीट ठेवते. पण तो नट आहे, त्याला चेहरे कळतात.

गेल्या भेटीत त्याने तुझा पत्ता सांगितला. मी विचारलाही नव्हता. मी अपिलाची तारीख सांगितली आणि तो घडाघडा सांगून मोकळा झाला. गल्ली, घराचा क्रमांक, खाली चष्म्याचं दुकान, वरचा मजला, जिन्यात दिवा नाही, हात धरून चढावं लागतं. मी पाकिटावर तोच लिहिलाय. कोर्टात शपथेवर म्हणाला होता की माहीत नाही. मी म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलास? म्हणाला, तिने कुणाला देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. आणि मग तेच, मला कळतंय, पटण्यासारखं नाही. एका बैठकीत ऐकलेला पत्ता वर्षभर लक्षात राहतो का? त्याचा राहील. चार पानांचं स्वगत तो एकदा ऐकून पाठ म्हणायचा, तूच त्याच्याशी पैजा हरली आहेस. पण जिन्यात दिवा नाही, हे कुणी पत्ता देताना सांगतं का? तू सांगितलं असशील. नको तिथे नको तो तपशील घालायची खोड तुला होतीच. की तो जिना त्याने चढला आहे? हे पत्र ‘असं कुणी इथे राहत नाही’ म्हणून परत आलं, तर मात्र मला सगळंच कळेल, आणि मग मी कुणालाच काही लिहिणार नाही.

पत्ता मी वकीलबाईंना दिला. वयाने माझ्या निम्म्या आहेत, सतत खोकल्याच्या गोळ्या चघळत असतात, आणि बोलायला फटकळ. त्यांनी पत्ता वाचला, जिन्यापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ताई, राग मानू नका, पण कोर्टात योगायोग चालत नाही, भानगड चालते. लग्न झालेला माणूस, धाकटी मेहुणी, ठरवून गुपचूप भेटी. मग बस स्थानकावर भेट का झाली याला कारण मिळतं. पत्ता का लपवला याला कारण मिळतं. हा इतका अवघडून, स्वतःवरच शंका घेत का बोलला, यालाही मिळतं. माणूस लफडं झाकत होता, आग नव्हे. खरं-खोटं मला सांगू नका, म्हणाल्या, मला फक्त साक्षीदार आणून द्या. आम्ही दोघींनी मिळून काचेपलीकडे त्याला हे सांगितलं. मला वाटलं ओरडेल. त्याने आधी वकीलबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली. म्हणाला, तिला यात ओढू नका. बस. ‘हे खोटं आहे’ असं तो म्हणाला नाही. ‘खरं आहे’ असंही नाही. मी वाट बघत होते.

आणि मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. माझी सख्खी बहीण आणि माझा नवरा, आणि मला हायसं वाटलं, कारण तो तुझ्याजवळ असेल तर त्या दाराजवळ नव्हता. बाहेर आले, बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि मग मात्र मला रडू आवरेना. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का हो? मी म्हटलं, नाही हो, कुणीच नाही. घरी येऊन आईला जेवायला वाढलं. ती म्हणाली, भिंगरीची काही खबर? मी म्हटलं, काढतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर मी कागद घेऊन बसले आणि तुझी साक्ष लिहिली. यावेळी गोष्टही मीच बांधली. सुरुवात आपल्याच घरापासून केली, तू पेन्सिल ठेवलीस त्या भांडणापासून. माणूस एका वाक्यावरून घर सोडत नाही, पण बहिणीच्या नवऱ्यावर जीव जडला तर सोडतो. बघ कसं चपखल बसतं. मग मधली वर्षं. बाहेरगावचे त्याचे कार्यक्रम आठवून आठवून मी त्यात तुमच्या भेटी बसवल्या. ते कार्यक्रम खरोखरच झाले होते, त्याच्या सामानाची पिशवी मीच भरून द्यायची. जिनाही घातला, अंधारातला. तुझा चष्मा घातला. त्या दिवशी स्थानकावर तुम्ही का भेटलात ते लिहिलं: मालिका बंद झाली होती आणि हे त्याला सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं. आणि इतकी वर्षं एकाच घरात राहून त्याच्या बायकोला कशाचाच पत्ता कसा लागला नाही, तेही लिहिलं. ते सगळ्यात सोपं गेलं. पूर्ण झाल्यावर पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचलं. एकही वर्तुळ काढावं लागलं नाही. मी आजवर लिहिलेलं यापेक्षा चांगलं काही नसेल.

म्हणून हे पत्र. सोबतचे कागद तुझ्यासाठी आहेत. त्यात आहे ते खरं असेल, तर तुला पाठ करायची गरज नाही, माझं चुकलं असेल तेवढं दुरुस्त कर आणि ये. खरं नसेल, तर पाठ कर आणि ये. दोन्हींतलं कोणतं, ते मला कळवू नकोस, आत्ताही नको आणि तो सुटून आल्यावरही नको. तो सांगायला लागला तर त्यालाही मी थांबवीन. लोक तुला नावं ठेवतील, मला हसतील, आईच्या कानापर्यंत गेलंच तर तिचं मी बघून घेईन. पण तो संध्याकाळी या घरात, या टेबलाशी जेवायला बसलेला असेल. खऱ्याने तो सुटत नाही, भिंगरी, ते आम्ही करून बघितलं. साक्षीच्या दिवशी मी पुढच्याच बाकावर बसेन, कारण वकीलबाई म्हणतात, बायको रडताना दिसली पाहिजे. ते मला जमेल. तू फक्त न्यायाधीशांकडे बघून बोल. माझ्याकडे बघू नकोस.

काही झालं तरी तुझीच,
ताई